पायाळू भाऊजींचं लायसन्स

माझ्या नवऱ्याला अधूनमधून उसण भरते, आणि ती नेहमी गुरुवारी संध्याकाळी भरते. आठवडाभर प्लांटवर त्याची पाठ ठणठणीत असते. शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागली, घरी येऊन बूट काढायला वाकला, की तो तसाच राहतो. अर्धा वाकलेला, एक हात चपलांच्या कपाटावर. मग मला हाक येते. मी त्याला त्याच अवस्थेत ढकलत सोफ्यापर्यंत नेते आणि भाऊजींना फोन लावते.

भाऊजी म्हणजे माझे दीर नव्हेत. ते नवऱ्याचे मित्र, मूळचे नाशिकचे. इथे सौदीत, अल-खोबरमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि दम्माममधल्या एका कंपनीत अकाउंटंट आहेत. पण गावातल्या मराठी मंडळींत त्यांची खरी ओळख ही नाही. भाऊजी पायाळू आहेत. जन्मताना डोक्याआधी त्यांचे पाय बाहेर आले होते. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला लाथ मारली की उसण पळते, असं आपल्याकडे मानतात. माझ्या माहेरी मानत नव्हते, पण माहेरचं इथे कोण विचारतो.

शुक्रवारी सकाळी भाऊजी येत. पोहे खात, वर थोडे आणखी पोहे घेत, चहा पीत, आणि मग उजव्या पायातला मोजा काढून नीट घडी करून टीपॉयवर ठेवत. नवरा गालिच्यावर पालथा पडलेला असे. भाऊजी डोळे मिटून त्याच्या कमरेला हलकेच लाथ मारत आणि मोजा पुन्हा चढवत. रविवारी नवरा कामावर हजर. उसण रविवारपर्यंत तशीही गेली असती, असं मी एकदाच बोलून बघितलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालू आरतीत फोनवर बोलले.

आता माझा नवरा काय काम करतो, ते सांगायला हवं. तो पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. त्याच्या सहीच्या पर्मिटशिवाय तिथे कुणी साधा बोल्ट सैल करू शकत नाही. काम काय आहे, कोण करणार, त्याला ते करायचा अधिकार आहे का, प्रशिक्षण झालंय का, पाइपलाइनमध्ये आत काय आहे, काही बिघडलं तर थांबवणार कोण, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तो पेनाचं टोपण काढत नाही. घरीसुद्धा मी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, तर तो मला खाली उतरवतो आणि स्टूल हलतंय का बघतो. असा माणूस शुक्रवारी स्वतःचा कणा मोजा काढलेल्या अकाउंटंटच्या हवाली करत होता.

लाथेपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. भाऊजींची लाथ म्हणजे मांजरीने अंगावरून जावं तेवढीच. पण हळूहळू त्यांचं प्रमोशन झालं, आणि ते त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं. त्यांनी यूट्यूबवर मान वाजवण्याचे व्हिडिओ बघितले. एका हाताने हनुवटी धरायची, दुसऱ्याने डोक्यामागे आधार द्यायचा, माणसाला गप्पांत गुंतवायचं आणि अचानक झटका. कट्‌ असा आवाज येतो. आवाज आला की सगळे आहाहा म्हणतात. शुक्रवारी आमच्याकडे जमणाऱ्या मराठी मंडळींची पंगत उरकली की आमच्या हॉलमध्ये माना वाजू लागल्या. रियाधहून पाहुणे म्हणून आलेले एक बँकेतले गृहस्थ आल्या आल्या बॅग खाली ठेवायच्या आधी मान पुढे करून बसले. भाऊजी कुणाकडून काही घेत नसत, घेतलीच तर चकली. तक्रार करायला जागाच नव्हती.

"पण त्यांना येतं का हे?" मी नवऱ्याला विचारलं.

"आवाज येतो ना."

"आवाज लाटणं मोडलं तरी येतो."

"तू ना, उगाच. तो आपला माणूस आहे."

मी शाळेत गणित शिकवते. आपला माणूस आहे या पायरीवरून मानेला काही होणार नाही या उत्तरापर्यंत कसं जायचं, ते मला अजून जमलेलं नाही. शिवाय हा देश असा, की माणसाचा धंदा त्याच्या कागदांवर छापलेला असतो. भाऊजींच्या इकाम्याला, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याला, अकाउंटंट हा शब्द जोडलेला आहे. लोकांच्या माना फिरवणारा अकाउंटंट कुणाच्या डोळ्यांवर आला, तर पोह्यांची प्लेट साक्षीला येणार नाही. हेही मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मित्राने मित्राची मान धरली तर त्याला कुठे धंदा म्हणतात.

मग व्हिजिट व्हिसावर सासूबाई आल्या.

सासूबाई कराडच्या. वय सत्तरीपार. आवाज खणखणीत, मत त्याहून. आदल्या वर्षी न्हाणीघरात जरा घसरल्या तेवढ्यावर त्यांचं मनगट मोडलं होतं आणि हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्यांनी डॉक्टरांच्याच माथी मारलं. "त्याला काय, मोडल्यावर कुणीही म्हणेल ठिसूळ आहेत." इथे आल्यापासून त्या मानेला हात लावून बसत. विमानातल्या उशीने घात केला, असं त्यांचं म्हणणं. आणि नवरा एकदा सहज बोलून गेला, की इथे आपला एक पायाळू मित्र आहे.

सासूबाईंचा चेहरा उजळला. समुद्र, मॉल, कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरचा वारा, कशानेही त्यांना इतका आनंद झाला नव्हता. "अगंबाई, एवढ्या लांब पायाळू? आमच्या आळीत होता एक, तो वारल्यापासून सगळ्यांच्या पाठी तशाच राहिल्यात." नवऱ्याने उत्साहात पुढचंही सांगून टाकलं, की तो आता मानाही करतो. लगेच फोन झाला. पुढचा शुक्रवार ठरला. भाऊजी म्हणाले, काकूंना सांगा, काळजी करू नका, एका झटक्यात मोकळं करतो.

झटका हा शब्द मी तेवढा ऐकला. न्हाणीघरात नुसतं टेकलेलं मनगट मोडलं होतं, आणि आता मान. सासूबाईंचं आणि माझं फार गुळपीठ आहे अशातला भाग नाही, माझ्या आमटीबद्दल त्यांची मतं मला पाठ आहेत. पण त्या मला हव्या होत्या, मानेसकट. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझ्या प्लांटवर जुना पाइप असेल, मागच्या वर्षी एकदा चिरलेला. आत काय स्थिती आहे माहीत नाही. एक माणूस येतो, म्हणतो, मी व्हिडिओ बघितलाय, झटका देतो. पर्मिट देशील?"

"पाइप वेगळा."

"पाइप नवा आणता येतो."

तो फ्रिजचं दार उघडून आत बघत उभा राहिला. काही सुचेनासं झालं की तो तसा उभा राहतो. मग म्हणाला, "पण त्याला नाही कसं म्हणायचं? वाईट वाटेल त्याला. आणि आईला तर सांगायची सोयच नाही." तडजोड निघाली ती अशी. आधी आईंना रीतसर शिकलेल्या माणसाकडे न्यायचं, शुक्रवारचं शुक्रवारी बघू.

माझ्या शाळेतल्या एका बाईंनी ऑस्टिओपॅथचं क्लिनिक सुचवलं होतं. ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे, स्नायू, मणके हातांनी तपासून हातांनीच उपचार करणारी व्यक्ती. म्हणजे भाऊजी करतात तेच, पण वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन, सरकारदरबारी नोंद करून. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, की इथली मालीशवाली आहे. मालीश म्हटल्यावर त्या लगेच तयार झाल्या, निघताना तेलाची बाटली पर्समध्ये टाकली.

क्लिनिकच्या खोलीत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर लायसन्स लावलेलं होतं. फोटो, व्यवसायाचं नाव, नंबर, मुदत, आणि मोबाइलने तपासायचा चौकोनी कोड. माझा नवरा आईला सोडून आधी तिकडे गेला. प्लांटवर आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघतो, तशी त्याने लायसन्सची मुदत बघितली, कोड स्कॅन केला, मोबाइलवर आलेला फोटो भिंतीवरच्या फोटोशी ताडला, आणि मग मान वळवून खोलीतल्या खऱ्या बाईंकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना मात्र काही वाटलं नाही. सौदी मुलगी होती ती, इंग्लंडला शिकून आलेली, पांढरा कोट, डोक्यावर राखी रुमाल. इंग्रजीत म्हणाली, "बरं केलंत. सगळ्यांनी बघायला पाहिजे, बघत कुणी नाही." नवऱ्याची छाती फुगली. शुक्रवारच्या मोज्याची मी तेव्हा आठवण करून दिली नाही. घरी जाऊन द्यायचं ठरवलं.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुखणं केव्हापासून, गोळ्या कुठल्या, आधी काय मोडलं, पडलात कधी. मी दुभाषी. पण माझ्यापर्यंत प्रश्न यायच्या आत नवरा उत्तर देत होता. चक्कर येते का? नो नो. हातांना मुंग्या येतात? नो, नथिंग. चालताना तोल? शी इज व्हेरी फिट.

तिने त्याच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "तुमची आई सांगेल. तुम्ही थोडं थांबा." मग मला म्हणाली, "त्या जे बोलतील ते सगळं मला सांगा. तुमचं काही घालू नका, त्यांचं काही गाळू नका." शाळेत मी हेच मुलांना सांगते, पण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी सासूबाईंना विचारलं, "आई, चक्कर येते का?"

सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "त्याला जरा बाहेर बसव," त्या म्हणाल्या.

नवरा बाहेर गेला आणि सासूबाई बोलू लागल्या. दोरीवर कपडे घालायला वर बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बोटांना मुंग्या येतात, कपाची कडी हातातून सुटते. जिन्यावर पाय कुठे पडतोय ते हल्ली कळत नाही. हे सगळं कराडपासूनच होतं. विमानाच्या उशीचा काही संबंध नव्हता. "आधी सांगितलं असतं तर त्याने तिकीट काढलं असतं का? दोन वर्षं झाली होती त्याला बघून." मी सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं, काही गाळायचं नाही म्हणून. ते सांगताना मी सासूबाईंकडे न बघता भिंतीकडे बघत होते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि आपण पाहिलंच नाही असं दाखवलं.

तपासायच्या आधी ती मुलगी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली. आता मी काय करणार आहे, त्यात दुखेल कुठे, नको वाटलं तर कसं थांबवायचं, ते सगळं सांगितलं. सून खोलीत असलेली चालेल ना, असं विचारलं. आणि मग म्हणाली, "मानेला हात लावू का?"

मी भाषांतर केलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"ती डॉक्टर आहे ना? मग मला काय विचारते?"

"तुमची मान आहे म्हणून, आई."

"दोन बाळंतपणं झाली, गर्भाशय काढलं, मनगटाचं प्लास्टर झालं," सासूबाई म्हणाल्या. "एकाने विचारलं नाही." मग पदर सावरून ताठ बसल्या. "हो म्हण तिला. लाव म्हणावं."

तिने अगदी हलक्या हाताने तपासलं. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, बोटं आवळायला लावली, चालायला लावलं. आणि मग हात बाजूला घेऊन सांगितलं, की मी मानेला आज काहीही करणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही करू देऊ नका. आधी हॉस्पिटलमध्ये स्कॅन करून मणक्यांच्या डॉक्टरला दाखवा, याच आठवड्यात.

सासूबाईंनी पर्समधली तेलाची बाटली तोवर काढून हातात धरली होती. "म्हणजे चोळणार नाही?"

"नाही, आई."

"पण फी घेणार?"

बाहेर आल्यावर सासूबाई रिसेप्शनपाशीच थांबल्या. तिथे भिंतीवर रुग्णांचे हक्क लिहिलेली पाटी होती, अरबी आणि इंग्रजीत, खाली तक्रारीसाठी फोन नंबर. काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं आणि मी साधेपणाने वाचून दाखवलं. माहिती मिळण्याचा हक्क, नकार देण्याचा हक्क, तक्रार करण्याचा हक्क. "मग लाव फोन," सासूबाई म्हणाल्या. "सांग त्यांना, की तासभर चौकशी केली, काही केलंच नाही. आमच्या पायाळूने एवढ्यात चार माना मोकळ्या केल्या असत्या." नवऱ्याने त्यांना हळूच दाराबाहेर काढलं. जाताना तो त्या नंबरचा फोटो काढायला विसरला नाही.

स्कॅन झालं. गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. मानेतली जागा अरुंद झालीय, मज्जारज्जू दाबला जातोय, हाडं ठिसूळ आहेत. वेळेवर आलात. गोळ्या, गळ्याला पट्टा, सांगितलेले व्यायाम, आणि मानेला झटका अजिबात नाही. नवऱ्याने विचारलं, बसला असता तर? डॉक्टर म्हणाले, हातपाय कायमचे गेले असते कदाचित. त्याहून वाईटही.

पार्किंगमध्ये नवरा गाडीत बसला, पण चावी लावेना. मागच्या सीटवर सासूबाई पट्ट्याची कुरकुर करत होत्या. "निअर मिस," तो एवढंच म्हणाला. अपघात होता होता टळला, की प्लांटवर त्याला निअर मिस म्हणतात. त्याची नोंद करायची आणि पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्यांना गोळा करून सांगायचं, असा त्याचा स्वतःचाच नियम आहे. मी त्याच्या हातावर हात ठेवला. मोज्याची आठवण करून द्यायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. भाऊजींना फोनवर सांगायचं धाडस दोघांतल्या कुणालाच झालं नाही, त्यामुळे ते वेळेवर आले. पोहे खाल्ले. वर थोडे आणखी घेतले. मग उठून शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "काकू, हे काढून ठेवा. आता याची गरज नाही."

नवरा घसा खाकरून उभा राहिला. पण सासूबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं.

"थांब बाळा," त्या भाऊजींना म्हणाल्या. "आधी मला सांग, तू पायाळू कशावरून?"

भाऊजी हसले. "काकू, सगळ्यांना माहितेय."

"सगळ्यांना तूच सांगितलंस. तुला कुणी सांगितलं?"

"आईनेच. मी लहान होतो तेव्हापासून नाशकात लोक मला बोलावून न्यायचे."

"मग लाव तिला फोन. या पोराने त्या बाईचा भिंतीवरचा कागद मोबाइलने तपासला. तुझा कागद तुझ्या आईकडे."

भाऊजींनी हसत हसत व्हिडिओ कॉल लावला. नाशिकच्या काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. सासूबाईंनी नमस्कार चमत्कार केला, कराडची ओळख दिली, आणि सरळ मुद्द्यावर आल्या. तुमचा मुलगा पायाळू ना?

"हो तर," काकू म्हणाल्या. "थोरला."

भाऊजींनी फोन जवळ धरला.

"थोरला?" भाऊजी म्हणाले.

"अरे, थोरला पायाळू. तू सरळच झालास. पण लोक यायचे आणि थोरला खेळायला गेलेला असायचा, नाहीतर नाही म्हणायचा. मग तुला पाठवायचे. तू गुणी होतास, लगेच जायचास. लोकांना बरं वाटायचं, तुलाही बरं वाटायचं. मी म्हटलं, कशाला बोला." त्यांनी फोडणीवर झाकण ठेवलं. "का रे? काही झालं का तिकडे?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "काही नाही झालं."

फोन बंद झाला. पहिला बोलला तो माझा नवरा. "मग माझी उसण जायची कशी?" तो इतका दुखावला होता, की मला हसू आवरेना, आणि एकदा मी हसले तसे सगळेच हसले. भाऊजीही हसले. पण हसता हसता ते खुर्चीत बसले आणि मग हसले नाहीत. नवऱ्याने त्यांना स्कॅनचं सगळं सांगितलं, प्लांटवर सांगतो तसं, एकेक गोष्ट क्रमाने, आवाज न चढवता. भाऊजी आपल्या हातांकडे बघत होते.

"मी आजवर कुणालाच काही विचारलं नाही, वहिनी," ते मला म्हणाले. "चक्कर येते का, हाड मोडलंय का. एकालाही नाही."  मला त्यांचा इतका राग आला होता आठवडाभर, पण त्या क्षणी तो कुठे गेला कळलं नाही. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

त्यानंतर आमच्याकडे माना वाजायच्या बंद झाल्या. लाथही बंद झाली. नवऱ्याची उसण मात्र अजून गुरुवारी भरते आणि रविवारी आपली आपण जाते, हे तो मान्य करत नाही.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. निघताना भाऊजी रीतीप्रमाणे सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, आणि वाकता वाकता थांबले. अर्धे वाकलेले, हात हवेत. मला वाटलं, आता यांनाच उसण भरली.

"काकू," ते म्हणाले, "पायांना हात लावू का?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, अगदी त्या क्लिनिकमध्ये बघत राहिल्या होत्या तशा. मग पदर सावरून ताठ बसल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.